स्केलबेकची पदवी आणि एकोणपन्नास सालचा पेला

मी, लायनेल एडमंड टॅरंट, स्केलबेकचा आठवा बॅरन म्हणून ओळखला जाणारा, राहणार बागवानाचे घर, स्केलबेक, परगणा वेस्टमोरलंड, हे स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी गेल्या मंगळवारी तपासून तसे सांगितले. गुडघ्यांबद्दल त्यांना तसे सांगता आले नाही, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत. हे लिहिताना माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. वकील श्री. गॅड्सबी समोर बसून घड्याळ पाहत आहेत, त्याला मी दडपण मानत नाही.

वयाच्या जागी गॅड्सबींनी शहाऐंशी लिहून आणले होते. ते मी खोडले आहे. का खोडले ते कलम पाचमध्ये येईल.

यापूर्वीची माझी तिन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत. त्यातले दुसरे मी रागाच्या भरात केले होते आणि त्यात सगळे एका गाढवांच्या आश्रमाला दिले होते. आश्रमाने आशेवर राहू नये.

कलम एक : घर. मोठा वाडा माझ्या हयातीतच मुलींच्या शाळेला दिला, तेव्हा त्याची काळजी नाही. छप्पर गळते हे त्यांना घेताना सांगितले होते. मी राहतो ते बागवानाचे घर, परसातल्या सफरचंदांच्या आठ झाडांसह, माझा धाकटा भाऊ ऑब्री याला द्यावे. ऑब्री चाळीस वर्षे दुसऱ्यांच्या मुलांना भूगोल शिकवत होता आणि आज बाजारात लोखंडी सामानाच्या दुकानावरच्या भाड्याच्या खोलीत राहतो. दर रविवारी जेवायला येतो. जिना सत्तावीस पायऱ्यांचा आहे आणि गेल्या महिन्यात तो त्यातल्या नऊ पायऱ्या एकदम उतरला. आमचे हे घर बसके आहे, जिना नाही.

कलम दोन : हत्यारे. कुंपण छाटायचा कोयता, दगडी बांध रचायचा हातोडा आणि दोन्ही कुदळी शेजारच्या मेटकाफच्या मुलीला द्याव्यात. या खोऱ्यात सरळ बांध घालणारी तेवढीच एक उरली आहे. लांब शिडी द्यायची इच्छा होती, पण ती कर्नल पेनिंग्टन यांनी एकोणीसशे चौऱ्याऐंशीत एका दुपारपुरती नेली. दुपार अजून संपलेली नाही. कर्नल वारले, शिडी त्यांच्या सुनेच्या गोठ्यात आहे, मी डोळ्यांनी पाहिली आहे. मेटकाफच्या मुलीने तिकडून परस्पर उचलावी, माझी परवानगी आहे.

कलम तीन : शिल्लक. बँकेत जे असेल ते आणि चित्रे माझा मुलगा जोसेलिन याला. जोसेलिन लंडनमध्ये दारू विकतो आणि बाटलीवर आमच्या घराण्याचे चिन्ह छापतो. चिन्ह म्हणजे दोन मोजे आणि एक मेंढा. मी ती दारू चाखली आहे. चिन्हावर अन्याय झालेला नाही.

कलम चार : पदवी. पदवी मृत्युपत्राने देता येत नाही. ती मालमत्ताच नव्हे. ती राजाच्या सनदेत लिहिल्याप्रमाणे आपली आपण चालते, बापाकडून मोठ्या औरस मुलाकडे, आणि आपण मध्ये फक्त उभे असतो. तरी हे कलम घालतो, कारण तिचा इतिहास कुठेतरी खरा लिहिला जावा. चर्चच्या भिंतीवर लिहिलेला इतिहास माझ्या आजोबांनी पैसे देऊन कोरून घेतला आहे.

पहिला बॅरन राल्फ टॅरंट मेंढ्यांचा व्यापारी होता. सोळाशे चौऱ्याण्णवच्या पावसाळी शरदात राजा या खोऱ्यातून जात असताना त्याचे मोजे भिजले. राल्फने आपले कोरडे काढून दिले. सनदेत ‘प्रतिकूल हवामानात बजावलेल्या सेवेबद्दल’ असे म्हटले आहे. राज्याभिषेकाच्या वेळी कोरडे मोजे घेऊन हजर राहण्याचा मान तेव्हापासून आमचा. दुसऱ्या बॅरनचा कान एका कुत्र्यावरून झालेल्या द्वंद्वयुद्धात गेला, कुत्रा मिळाला. तिसरा बायकोशी एकोणीस वर्षे बोलला नाही, तरी त्यांना सात मुले झाली. चौथ्याने समुद्र दिसावा म्हणून मनोरा बांधला. समुद्र दिसला नाही. पाचव्याने मनोऱ्याचे दगड विकले, आणि आमच्या घराण्यात फायद्याचा म्हणता येईल असा तो एकच व्यवहार. सहावे माझे आजोबा. त्यांना माणसे आवडत नसत आणि डॉक्टर तर मुळीच नाहीत. सातवे माझे वडील. त्रेपन्नच्या राज्याभिषेकाला ते मोज्यांची पेटी घेऊन सहा तास उभे राहिले. कोणी मोजे मागितले नाहीत. घरी आल्यावर ते फक्त एवढेच म्हणाले की हवा कोरडी होती. यंदाच्या राज्याभिषेकाआधी मी विचारणा केली, तर मोज्यांची व्यवस्था झालेली आहे असे अतिशय सभ्य पत्र आले. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, तशातली गत.

आणखी एक रीत सांगतो, पुढे ती लागणार आहे. आमच्यात पदवीचा धनी सही करताना स्वतःचे नाव लिहीत नाही. फक्त पदवी लिहितो. वडील वारले त्या अडुसष्ट सालापासून मी प्रत्येक कागदावर ‘स्केलबेक’ एवढेच लिहीत आलो. धोब्याच्या पावतीवरसुद्धा.

कलम पाच : माझे वय. वडील आरमारात माल्टा बेटावर होते. तिथल्या डॉक्टरांची मुलगी सिसिली, म्हणजे माझी आई. डॉक्टरच्या मुलीशी लग्नाला आजोबांनी परवानगी नाकारली. पत्रे जात येत राहिली. शेवटी होकार आला, पण टपाल सावकाश होते आणि मी तितका सावकाश नव्हतो. माझा जन्म एकोणीसशे छत्तीसच्या नऊ सप्टेंबरचा. त्यांचे लग्न त्याच वर्षीच्या दोन डिसेंबरचे.

जहाजावरच्या पाद्रीबाबांना वडिलांनी काय सांगितले आणि काय पाजले ठाऊक नाही, पण त्यांच्या वहीत माझा जन्म सदतीसच्या सप्टेंबरात पडला. ऑब्री अडतीसच्या ऑक्टोबरातला, तो मात्र खराखुरा. एकोणचाळीसच्या वसंतात आम्ही स्केलबेकला आलो तेव्हा मी कागदोपत्री दीड वर्षाचा होतो, आणि बोटीवरून उतरताना हमालाला ‘पेटी नीट धर’ असे बजावले. आमच्या दाई प्रूइटबाई मरेपर्यंत म्हणत राहिल्या की हा पोरगा वयाच्या मानाने थोराड आहे.

कायदा असा. आईबापांनी मागाहून लग्न केले तर मूल औरस ठरते, त्याला शेत मिळते, घर मिळते, भांडी मिळतात. पदवी मिळत नाही. पदवीला लग्न आधी लागते. म्हणजे अडुसष्टपासून खरा आठवा बॅरन ऑब्री. मी आयत्या बिळावरचा नागोबा.

हे मला एक्क्याण्णवमध्ये कळले. आईचा शेवटचा आठवडा होता. मी उशाशी बसून तिला वर्तमानपत्र वाचून दाखवत होतो. मधेच थांबवून ती म्हणाली, “लायनेल, तू आधी आलास. लग्न मागून आलं.” मग तिने सगळे सांगितले आणि लग्नाचा दाखला कुठे आहे तेही सांगितले. शिवणाच्या पेटीत, बटणांखाली. कोणाला सांगू नकोस म्हणाली. मी कबूल केले. आई गेली, मीही मूग गिळून बसलो. आईला दिलेला शब्द म्हणून गप्प राहिलो असे मी स्वतःला बरीच वर्षे सांगितले. खरे ते लिहितो : मला ‘लॉर्डसाहेब’ म्हणवून घ्यायला आवडत होते. खाटकाच्या दुकानात मला आधी मांस मिळे आणि माझ्या मागे रांगेत ऑब्री उभा असे. याची मला बत्तीस वर्षे लाज वाटत आली आणि मी बत्तीस वर्षे आधी मांस घेत आलो.

ऑब्रीने लग्न केले नाही. दुसरा पुरुष वारस कुठेही नाही, आजोबांना भावंडेही आवडत नसत. तेव्हा खरे सांगितले तर पदवी ऑब्रीची होते आणि त्याच्याबरोबर संपते. खोटे चालू ठेवले तर जोसेलिनकडे जाते. जोसेलिनला मी फोनवर सांगितले. त्याने विचारले की नवी लेबले छापून होईपर्यंत थांबता येईल का. मी म्हटले, नाही.

कलम सहा : पेले. चांदीचे सहा छोटे पेले दिवाणखान्याच्या कपाटात आहेत. स्केलबेकच्या जत्रेत, ऑगस्टमध्ये, बाराच्या आतल्या मुलांची डोंगरशर्यत असते. वरच्या दगडांच्या ढिगाला हात लावून परत यायचे. चव्वेचाळीसपासून एकोणपन्नासपर्यंत सहा वर्षे मी पहिला आलो, आणि ऑब्री दुसरा. सगळ्यांना वाटे आमच्यात तेरा महिन्यांचे अंतर आहे. ते दोन वर्षांहून जास्त होते. त्या वयात दोन वर्षे म्हणजे वीतभर जास्त लांब पाय.

एकोणपन्नासला तो माझ्यामागे दोन हातांवर होता. शेवटच्या उतारावर मला त्याचा श्वास ऐकू येत होता. जेवताना वडील त्याच्याकडे न बघता म्हणाले, “धाकटा तो धाकटाच.” आई सूप वाढत होती. तिला ठाऊक होते. तिने वाढणे थांबवले नाही. ऑब्री त्यानंतर कधीही धावला नाही, आणि माझी अशी समजूत आहे की तो त्यानंतर कशासाठीच धावला नाही. शाळेत मुख्याध्यापकाची जागा रिकामी झाली तेव्हा त्याने अर्जच केला नाही. मी विचारले तर म्हणाला, आपल्याला दुसऱ्या नंबरची सवय आहे.

पहिले पाच पेले मी माझ्या खऱ्या वयातही बाराच्या आत असताना जिंकले. ते माझे आहेत आणि मी ते ऑब्रीला देतो. सहावा, एकोणपन्नासचा, त्या दिवशी मला बारा पूर्ण होऊन अकरा महिने झाले होते. मला त्या शर्यतीत उभे राहण्याचाच हक्क नव्हता. तो पेला माझा नाही, म्हणून देताही येत नाही.

गॅड्सबींची इच्छा अशी होती की इथे सही करून हे सारे लाखेने बंद करावे आणि मी गेल्यावर उघडावे. माझीही तीच इच्छा होती. पण नऊ पायऱ्या आठवल्या. ऑब्री माझ्याआधी गेला तर हे पाकीट कोणासाठी उघडणार? म्हणून त्याला बोलावून घेतले आणि कलम चारपासून पुढचे त्याच्या हाती दिले.

त्याने चष्मा बदलून सावकाश वाचले. भूगोलाचे पेपर तपासायचा तसे. आईचे वाक्य आले तिथे बराच वेळ थांबला. मी बाहेर झाडांकडे बघत होतो, कारण त्याच्याकडे बघण्याची माझी हिंमत नव्हती. गॅड्सबींच्या कारकुनाने, ज्याला साक्षीसाठी आणले होते, केकचा तिसरा तुकडा घेतला.

वाचून झाल्यावर ऑब्रीने पदवीचे काही विचारले नाही. म्हणाला, “एकोणपन्नासला तू बारा पूर्ण होतास?”

मी म्हटले, “होतो.”

“म्हणजे मी पहिला आलो होतो.”

“हो.”

तो उठला, कपाट उघडून तो एक पेला काढला, बाहीने पुसला आणि मांडीवर घेऊन बसला. मी माफी मागितली. ते शब्द इथे लिहीत नाही. त्याने मान हलवली. माफ केले की नुसते ऐकले, हे मला कळलेले नाही आणि ते विचारण्याचा हक्कही मला नाही.

मग त्याने कारकुनाला बाजूला सरकायला सांगितले आणि साक्ष आपण घालतो म्हणाला. गॅड्सबी दचकले. म्हणाले, “साहेब, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. घर जाईल, झाडं जातील, पाचही पेले जातील.”

“जाऊ द्या,” ऑब्री म्हणाला. “देण्यासारखं जे होतं ते त्याच्याकडे नव्हतंच. जे माझं होतं, ते काही या कागदातून मला मिळत नाहीये.”

गॅड्सबींनी जरा विचार केला आणि कायद्याने हे बरोबर आहे असे म्हणाले.

म्हणून शेवटचे कलम घालतो, कलम सात : वर ऑब्रीला दिलेले सर्व, साक्षीमुळे रद्द होताच, जोसेलिनला जावे. घराबद्दल मी ऑब्रीला सांगितले आहे की आजच सामान घेऊन ये, माझ्या हयातीत कोणाला घरात ठेवावे याला मृत्युपत्र लागत नाही. पुढचे जोसेलिनने पाहावे. ते त्याने नीट पाहिले नाही, तर गाढवांच्या आश्रमाचा पत्ता गॅड्सबींकडे आहे. ऑब्री विचार करून सांगतो म्हणाला. मग म्हणाला की खिडकीजवळची खोली असेल तर येतो. ती माझी खोली आहे. मी दिली.

मला चर्चमध्ये सातव्याशेजारी पुरू नये. ती जागा ऑब्रीची. मला आवारात कुठेही चालेल. दगडावर जन्मसाल छत्तीस घालावे.

आता मी माझी सही करतो, पंचावन्न वर्षांत पहिल्यांदा पुरी. ऑब्री लेखणी घेऊन वाट पाहत आहे. सहीत काय लिहायचे असे त्याने आत्ताच विचारले, आणि मी त्याला रीत सांगितली.

स्थळ : बागवानाचे घर, स्केलबेक
दिनांक : एकवीस नोव्हेंबर, दोन हजार तेवीस

लिहून देणार :
लायनेल एडमंड टॅरंट, वय सत्त्याऐंशी

आम्हा दोघांच्या डोळ्यांदेखत वरील सही झाली, साक्षीदार :

१. हर्बर्ट गॅड्सबी, वकील

२. स्केलबेक