नाव, पत्ता, सही

२ फेब्रुवारी

प्रिय धाकटे,

आशीर्वाद. पत्र पोचलं. गुडघ्याचा व्यायाम तू करत नाहीस हे तू लिहिलं नसलंस तरी मला कळतं, कारण व्यायामाबद्दल चार ओळी आहेत आणि गुडघ्याबद्दल एकही नाही. उद्यापासून कर. तुझ्या ह्यांना नमस्कार सांग, आणि जिना उतरताना कठडा धरायला सांग. दोघांनी एकदम पडून चालणार नाही.

फोन का करत नाही, असं विचारलंस. फोनवर तू रडतेस आणि मी घड्याळ बघते. त्यापेक्षा पत्र बरं.

माझं ठीक चाललंय. जेवते, झोपते, सकाळी पाऊण तास चालते. खोलीत दोन खुर्च्या आहेत, त्यातली एक फायलींची. पाहुणे येत नाहीत, त्यामुळे अडचण नाही.

शेजारणींना तू सांगतेस की आमची ताई परदेशात सरकारांना शिस्त लावते. ते बंद कर. सरकारी कचेऱ्यांचं काम लोकांच्या नजरेसमोर कसं व्हावं, एवढंच मी सांगते. ऐकायचं की नाही ते त्यांचं ते ठरवतात, आणि बहुतेक वेळा ऐकल्यासारखं करतात. तुझे हे याला उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते मला माहीत आहे. त्यांना म्हणावं, उंट फार हलतो.

माझी दुभाषी पूर्वी शाळेत गणित शिकवायची. वयाने माझ्याहून चार वर्षांनी लहान, जिभेने मोठी. परवा सहज म्हणाली, "बाई, तुमचं रागावणं मी निम्मंच सांगते. नाहीतर बैठकीत आपल्याला चहा विचारणार नाहीत." तीन वर्षं लोक मला मवाळ समजत होते, त्याचं कारण आता कळलं.

या वर्षीचं मुख्य काम म्हणजे सरकारी रुग्णालयांत तक्रार-खिडक्या. बारा रुग्णालयं, बारा खिडक्या. तक्रार लेखी द्यायची, आणि दर सोमवारी सगळ्या तक्रारींची यादी दारातल्या भिंतीवर लावायची. कोणी दिली, काय दिली, काय झालं. म्हणजे कागद दाबून ठेवायची सोय नाही. पद्धत मी आखली आहे. कागदावर तरी तिच्यात खोट नाही.

जिल्हा रुग्णालयात पहिली तक्रार एका नर्सने दिली. चांगली, नेमकी तक्रार होती. ती सध्या रजेवर आहे म्हणे. असो.

इथे थंडी आहे. लोकरीचे मोजे पाठवू नकोस, तू विणलेल्यांतला एक पायाला होतो आणि एक होत नाही.

तुझी ताई


२३ फेब्रुवारी

प्रिय धाकटे,

आशीर्वाद. हेडमास्तरीण मला म्हणतेस, पण वह्या तूच तपासतेस. "एक नर्स एका ओळीत आली आणि ‘असो’ म्हणून गेली. तू कधी ‘असो’ लिहीत नाहीस. काय झालं?" असं तू लिहिलंस. खरं आहे. सांगते.

नर्स रजेवर नाही. तिला निलंबित केलं आहे.

खिडकीचे नियम ठरवायची बैठक गेल्या पावसाळ्याच्या शेवटी झाली. रुग्णालयातल्या लोकांचं म्हणणं होतं की कुलूप लावलेली पेटी ठेवा, नाव नको. मी तासभर बोलले. निनावी कागदावर उत्तर कोणाला द्यायचं, खोटी तक्रार करणाऱ्याला धरायचं कसं, आणि ज्याला सही करायचं धैर्य नाही त्याच्यासाठी एवढी यंत्रणा कशाला उभारायची, असं सगळं. शेवटी ते गप्प बसले. त्याला मी एकमत म्हटलं आणि तसं लिहून घेतलं. जिन्यात दुभाषी म्हणाली की इथे सगळे एकमेकांना ओळखतात. मी म्हटलं, म्हणूनच नाव हवं.

खिडकी उघडली त्या दिवशी मी तिथेच उभी होते. ही नर्स वॉर्डातल्या सपाता घालूनच आली. पस्तिशीची असेल. पुरुषांच्या वॉर्डात ऑक्सिजनचे सिलिंडर येतात, त्यांवर ‘भरलेला’ अशी चिठ्ठी असते आणि काही रिकामे निघतात, असं तिने तारखांसकट लिहिलं होतं. अक्षर सुरेख. वरच्या तीन ओळी मात्र कोऱ्या.

"नाव नाही लिहिलं तर चालेल का?" तिने विचारलं.

मी म्हटलं, "खरं लिहिलंय ना? मग नाव लिहायला काय झालं?"

पेन मीच तिच्या हातात दिलं. नाव, पत्ता, सही. मी तिला शाबासकीसुद्धा दिली.

सोमवारी यादी लागली. पहिलंच नाव तिचं. मी त्या भिंतीचा फोटो काढला. त्यानंतर बाराव्या दिवशी तिच्या वॉर्डात एक म्हातारे गृहस्थ शस्त्रक्रियेनंतर दगावले. लावलेला सिलिंडर रिकामा होता. स्टोअरकीपर म्हणतो की त्याने भरलेला पाठवला, नर्सने झडप उघडी टाकली. तिची तक्रार आता फायलीत सापडत नाही. भिंतीवरची यादीही कोणी काढली ते माहीत नाही. तिने आधी कधी असं काही कळवलंच नव्हतं, असं अधीक्षकांनी लिहून दिलं आहे. चौकशीत दोषी ठरली तर नोकरी जाईलच, पण मृत्यूचा खटलाही चालेल.

म्हणजे ती आधी बोलली होती याचा एकच पुरावा उरला आहे, आणि तो माझ्याकडे आहे. फोटोवर तारीख आहे.

तिचा भाऊ बस चालवतो. महिन्यापूर्वी तो आमच्या ऑफिसात आला होता. टोपी मांडीवर ठेवून बसला आणि म्हणाला की बहिणीने सांगितलंय, त्या बाई तिथे होत्या, त्यांना विचार. मी म्हटलं, वरिष्ठांना विचारून कळवते. वरिष्ठांना विचारलं. ते म्हणाले की आपण इथे सल्लागार आहोत, साक्षीदार नाही, आणि करारात तसं स्पष्ट आहे. मी "बरं" म्हटलं. भावाला काहीच कळवलं नाही. तुला ते पहिलं पत्र लिहिलं तेव्हा हे सगळं होऊन गेलं होतं. मोज्यांबद्दल लिहिलं मी.

वाईट वाटायला हवं, पण तसं काही होत नाही. इस्त्रीचा चटका बसलेला मला फोड आल्यावर कळला. ऑफिसात जाते, मसुदे तपासते, इतरांच्या चुका बरोबर सापडतात.

चौकशी पुढच्या गुरुवारी आहे. काय करू, असं मी तुला विचारत नाही. तू ‘जा’ म्हणशील, कारण त्या खोलीत तुला बसायचं नाही. न जाण्याची कारणं माझ्यापाशी चांगली आहेत. मी बोलले तर आमच्या संस्थेला इथून गाशा गुंडाळावा लागेल, आणि उरलेल्या अकरा रुग्णालयांतल्या खिडक्या बंद होतील. एका माणसासाठी अकरा जागचं काम घालवू नये. कोणत्याही बैठकीत पटेल असं कारण आहे.

फक्त त्या अकरा भिंतींवर आज कोणाची नावं आहेत, हे मी अजून बघितलेलं नाही.

ताई


९ मार्च

प्रिय धाकटे,

गेले होते.

बुधवारी आधी अकरा रुग्णालयांना कळवलं की याद्या उतरवा आणि आजपासून नावं लावू नका. नऊ ठिकाणांहून उत्तर आलं. दोन ठिकाणी दुभाषीला फोन करायला लावला आणि तिला बजावलं की या वेळी माझं रागावणं पूर्ण सांग. तिने माझ्यापेक्षा जास्तच सांगितलं असं आवाजावरून वाटलं. मग वरिष्ठांना दोन ओळी लिहिल्या आणि त्यांचं उत्तर यायच्या आत कॉम्प्युटर बंद केला.

चौकशीची खोली रुग्णालयातच, जुन्या धोबीखान्याच्या वर. लांब टेबल, सात खुर्च्या, आणि मागे एक बाक. बाकावर त्या दगावलेल्या गृहस्थांची मुलगी बसली होती. मांडीवर पर्स, दोन्ही हात पर्सवर. मला ती कोण हे दुभाषीने सांगितलं.

मी फोटो दिला. चौकशी अधिकाऱ्यांनी तो खिडकीजवळ नेऊन पाहिला, तारीख लिहून घेतली आणि विचारलं की हा कशासाठी काढला. मी म्हटलं, आमच्या अहवालात चांगल्या कामाचा नमुना म्हणून. त्यांनी तेही लिहून घेतलं.

मग नर्सला विचारलं. ती उभी राहून बोलली. यादी लागली त्या सोमवारपासून तिच्या वॉर्डात येणारे बहुतेक सिलिंडर रिकामे येऊ लागले. आधी काही यायचे, आता बहुतेक. ती दुसऱ्या वॉर्डांतून मागून, ढकलगाडीवर घालून आणायची. अकरा दिवस आणले. बाराव्या दिवशी शेजारच्या वॉर्डातही नव्हता.

हे मला माहीत नव्हतं, धाकटे. अधीक्षकांना घाबरून कोणीतरी कागद लपवला, एवढंच मी धरून चालले होते. तिच्या नावामुळे रिकामे सिलिंडर तिच्याच वॉर्डाकडे वळले, हे माझ्या डोक्यात आलं नाही. दुभाषी एकेक वाक्य सांगत होती आणि मी वहीत उतरवून घेत होते, सवयीने, समास सोडून.

स्टोअरकीपरच्या बाजूने एक वकील होता. तरुण, अगदी नम्र. सिलिंडरबद्दल त्याने मला काही विचारलंच नाही. म्हणाला, "तक्रार करणाऱ्याचं नाव भिंतीवर लावायचं, हा नियम रुग्णालयाचा की सरकारचा?"

मी म्हटलं, "माझा."

"कोणी विरोध केला नव्हता?"

"सगळ्यांनी केला होता."

दुभाषीने हे सांगायला थोडा वेळ घेतला. बाकावरच्या मुलीने तोवर माझ्याकडे एकदाही बघितलं नव्हतं. आता बघितलं, आणि मग शेवटपर्यंत बघत राहिली. रागाने बघत असती तर मला काय करायचं ते कळलं असतं.

निकाल अर्धाच लागला. नर्सने आधी कळवलं होतं हे मान्य झालं, मृत्यूचा आरोप तिच्यावरून काढला. निलंबन उठलेलं नाही. त्यासाठी वेगळी सुनावणी आहे, सहा आठवड्यांनी. स्टोअरकीपरचं पुढे बघू म्हणाले. बघतील असं वाटत नाही.

बाहेर व्हरांड्यात ती भावाबरोबर उभी होती. मी जवळ गेले. काय बोलायचं ते ठरवलं होतं. तीच म्हणाली, "मी तुम्हाला विचारलं होतं."

"हो," मी म्हटलं.

तिला आणखी काही हवं असेल म्हणून मी थांबले. तिने ओढणी नीट केली आणि भावाला चल म्हणाली. दारापर्यंत जाऊन परत आली आणि विचारलं, "सहा आठवड्यांनी तुम्ही इथे असाल का?" त्यात विनवणी नव्हती. ड्यूटीवर उद्या कोण आहे असं विचारावं, तसं विचारलं.

मी असेन म्हटलं.

काल संस्थेचं पत्र आलं. करार या महिनाअखेर संपवला आहे, मला परत बोलावलं आहे, आणि तिकीट जोडलं आहे. तिकीट मी परत पाठवलं. घरमालकिणीला सांगितलं की एप्रिल संपेपर्यंत खोली लागेल. तिने कारण विचारलं नाही. खुर्चीवरच्या फायली ऑफिसात नेऊन दिल्या.

तेव्हा सुट्टीवर पंधरा तारखेला यायचं ठरलं होतं, तशी मी येत नाही. माझी खोली झाडून ठेवली असशील, तर राहू दे. मला अजून रडू आलेलं नाही. आलं तर फोन करीन, आणि मग घड्याळ तू बघ.

दरवेळी वर आशीर्वाद लिहिते. या खेपेला लिहिला नाही, तो विसरून नाही. तेवढं मोठेपण सध्या माझ्याजवळ नाही.

ताई