खोकला : एक आंतरविद्याशाखीय अभ्यास

५ सप्टेंबर, सकाळ
विषय सापडला!
काल गाइडबाईंनी खोलीत बोलावून स्पष्ट सांगितलं, की मार्चअखेर ही शेवटची मुदतवाढ; यापुढे विद्यापीठ ऐकणार नाही आणि सांगायला त्याही जाणार नाहीत. आधीचे तीन विषय सुटले यात माझा दोष नव्हता. पहिल्याला साहित्य मिळेना, दुसऱ्याला फार मिळालं, तिसऱ्यावर कुणा महाभागाने आधीच प्रबंध लिहून ठेवला होता. बाई म्हणाल्या, आता तुमच्या आयुष्यातलं काहीतरी घ्या.
आज टेबलाशी बसून आयुष्यात काय आहे याचा विचार करत होतो. शेजारच्या खोलीत बाबा सारखे खोकत होते, त्यामुळे काही सुचेना. दार लावायला उठलो आणि कडीवर हात असतानाच लख्ख प्रकाश पडला. खोकला!
भाषाशास्त्र, भौतिकी, इतिहास, प्राणिशास्त्र, वैद्यक, सगळे एका छत्रीखाली. हे आजवर कुणीच केलेलं नाही. निदान मला आढळलं नाही. (अजून शोधलेलं नाही.)
संकल्प: उद्यापासून पहाटे उठून लिहिणे.

६ सप्टेंबर, साडेआठ
पहाटे उठलो होतो. बाबा शांत झोपलेले. म्हणजे मटेरियल नाही. परत झोपलो.
बायकोला विषय सांगितला. ती शाळेत गणित शिकवते, त्यामुळे तिला प्रत्येक गोष्टीचं उत्तर ताबडतोब हवं असतं. म्हणाली, विषय असू दे, आधी त्यांना डॉक्टरकडे ने, उन्हाळ्यापासून चाललंय. मी शांतपणे समजावलं, की निरीक्षकाने हस्तक्षेप करायचा नसतो. औषधाने खोकला गेला तर अभ्यास कशाचा करू? ती डबा उचलून निघून गेली. पटलेलं दिसलं.

१२ सप्टेंबर
रेकॉर्डर आणला. बाबा जन्मभर टेलिफोन ऑपरेटर होते, माइक बघताच ताठ बसले. विचारलं, चहाआधी खोकू का नंतर? मी म्हटलं, नैसर्गिक येईल तसा. म्हणाले, सकाळचा जास्त चांगला येतो.
बराच वेळ त्यांच्याजवळ बसलो. कितीतरी वर्षांनी. त्यांनी एक्स्चेंजमधल्या गमती सांगितल्या, त्या नंतर कापून टाकाव्या लागतील. पंख्याचा आवाज फार येतो. तेल घालणे.

२० सप्टेंबर
ध्वनिशास्त्राच्या मॅडमना भेटलो. काचेच्या खोलीत हेडफोन लावून बसतात. माणसं 'हं' किती तऱ्हांनी म्हणतात यावर वर्षानुवर्षं काम चालू आहे. लोक कसल्या बारीकसारीक गोष्टींवर आयुष्य घालवतात!
पण बाई हुशार. खोकल्याचे प्रकार सांगितले: सभेत बोलण्याआधीचा, दार वाजवण्याऐवजीचा, 'पुरे करा आता' असं सुचवणारा. मग बाबांचं रेकॉर्डिंग लावलं. पडद्यावर रेघ कड्यासारखी उभी राहिली. मॅडम म्हणाल्या, हा कशातच बसत नाही. हा माणूस काही सुचवत नाहीये, याला त्रास होतोय.
तूर्त 'इतर' या गटात टाकला.

४ ऑक्टोबर
भौतिकी. अंधाऱ्या खोलीत धुराची पेटी, हिरवा लेझर, आणि पेटीच्या भोकाला तोंड लावून खोकणारे एक गृहस्थ. खोकल्यातले थेंब किती वेगाने किती लांब जातात हे मोजतात. त्यांना मनात 'थेंबवाले' म्हणतो. म्हणाले, ठोस काही म्हणायचं तर हजारो खोकले लागतील, कुठून आणणार? मी म्हटलं, घरी आहेत. ते हसले. विद्यापीठात माझ्या बोलण्यावर कुणीतरी पहिल्यांदाच हसलं.
चहा पाजला त्यांना. मोठा दिवस.

१९ ऑक्टोबर
प्राणिशास्त्र. कळलं, की मासेही खोकतात! तिथल्या बाई काचेच्या टाकीपुढे स्टुलावर बसून माशांचे खोकले मोजतात. पाणी बिघडायला लागलं की मासे आधी खोकतात, मरतात नंतर. म्हणून नदीचं पाणी तपासणारे लोक बाईंना विचारून जातात. केवढी सुंदर प्रतिमा. साहित्याच्या प्रकरणात वापरता येईल.
बाईंनी विचारलं, तुम्ही कुणाचा खोकला ऐकून काय ठरवणार आहात? प्रश्न नीट कळला नाही. शास्त्राच्या लोकांना भाषा जमत नाही.

२ नोव्हेंबर
ताईचा फोन. ती दुसऱ्या शहरात असते, पण आवाजात मात्र शेजारच्या खोलीतून बोलल्यासारखा हक्क. बाबांना दाखवलंस का? सांगितलं, डेटा गोळा होतोय, तो झाला की लगेच. ताई म्हणाली, तुला बाप आहे का डेटा? वाक्य चांगलं आहे. प्रस्तावनेत घेता येईल.
बाबा हल्ली स्वतःचे रुमाल स्वतः धुतात. सांगूनही ऐकत नाहीत. या वयात हे स्वावलंबन! वजनही उतरवलंय, पट्ट्याला नवीन भोक पाडून घेतलं माझ्याकडून. मीही पोट कमी करायला हवं.
संकल्प: सोमवारपासून चालणे.

१६ नोव्हेंबर
चालणं सुरू झालं नाही. गुडघा.
इतिहासवाल्या सरांकडे गेलो. नाकाला फडकं, हातात रंगाऱ्याचा ब्रश, समोर धुळीने माखलेले फोटो. क्षयरोग्यांच्या एका जुन्या आरोग्यधामावर काम करताहेत. तिथे दरवर्षी सगळ्या रोग्यांचा एकत्र फोटो काढत. सरांनी एकामागून एक मांडून दाखवले. म्हणाले, चेहरे बघू नका, खुर्च्या बघा; दरवर्षी खुर्च्या त्याच, बसलेले वेगळे.
जरा गलबलून आलं. पण हे भावनिक झालं, यातून प्रबंधाला काही मिळत नाही.
अजून लिहिलेलं एकही पान नाही. मात्र प्रकरणांचा तक्ता सहा रंगांत तयार आहे. भिंतीवर लावला.

५ डिसेंबर
वैद्यक ही शेवटची शाखा. छातीचे डॉक्टर, स्वतः संशोधन करतात. नुसता आवाज ऐकून रोग ओळखता येतो का, यावर. म्हणजे माझेच भाऊबंद. मी गेल्या आठवड्यातलं रेकॉर्डिंग लावलं. त्यांनी मध्येच थांबवलं. विचारलं, हे कोण? मी म्हटलं, नमुना घरचाच आहे. म्हणाले, उद्या सकाळी घेऊन या. मी सांगितलं, अकरा तारखेला समितीपुढे सादरीकरण आहे, तोपर्यंत नमुन्यात बदल नको. यावर ते चक्क ओरडले. अहो, नमुना काय, वडील आहेत ना तुमचे?
वैद्यकात पैसा आहे, पण संशोधनाची शिस्त नाही.
तरी एक समाधान: रेकॉर्डिंगचा दर्जा त्यांना जाणवला.

८ डिसेंबर
बायकोशी वाद. डॉक्टर काय म्हणाले ते चुकून बोलून गेलो. ती म्हणाली, मी उद्या शाळेला दांडी मारून नेते. बाबाच मध्ये पडले. अगं, गुरुवारी त्याची परीक्षा आहे, शुक्रवारी जाऊ, चार दिवसांनी काय होतंय. बघा! ज्याचा प्रश्न आहे त्याला घाई नाही.
शुक्रवार नक्की. कॅलेंडरवर गोल केला.

११ डिसेंबर, संध्याकाळ, दवाखाना
क्रमाने लिहितो.
समितीत पाच जण, पाच शाखांचे. सहा रंगांचा तक्ता सगळ्यांना दिसेल असा लावला. संख्याशास्त्राच्या बाईंनी विचारलं, नमुना किती जणांचा? मी म्हटलं, एक. एक काय, एक शेकडा? मी म्हटलं, एक वडील. सगळे हसले. वातावरण अनुकूल वाटलं. मग तत्त्वज्ञानाच्या सरांनी खोकल्याला हेतू असतो का हे काढलं आणि थेंबवाल्यांशी त्यांची जुंपली. मला बोलायला मिळेना. शेवटी मी आजच्या सकाळचं रेकॉर्डिंग लावलं.
हॉल एकदम चिडीचूप. मला वाटलं, जिंकलो. कोपऱ्यातल्या वयस्क अध्यक्षांनी चष्मा काढला आणि विचारलं, आता कसे आहेत ते? मी म्हटलं, तो अभ्यासाचा पुढचा टप्पा आहे.
तेवढ्यात गाइडबाईंनी दंडाला धरून बाहेर नेलं. माझा फोन सायलेंटवर होता. बायकोने शेवटी त्यांना फोन केला होता. ती दुपारी घरी आली तेव्हा बाबा बाथरूममध्ये. रुमाल धुवायला बसले ते उठता येईना. बादलीतलं पाणी लाल झालेलं.
डॉक्टर तेच, ओरडणारे. आज ओरडले नाहीत. एवढंच विचारलं, रक्त कधीपासून? वजन कधीपासून उतरतंय? जेवण किती? मला आवाजाची वारंवारता सांगता येत होती. बाकीचं बायकोने सांगितलं. रक्ताचं तिलाही ठाऊक नव्हतं. ते बाबांनीच सांगितलं: दिवाळीच्या... नाही, मग आठवून म्हणाले, पंख्याला तेल घातलंस ना, तेव्हापासून.
मी विचारलं, बोलला का नाहीत? म्हणाले, तुझं काम चाललं होतं. आणि रोज येऊन बसत होतास की जवळ.

१९ डिसेंबर
डाव्या फुफ्फुसात गाठ. उशीर झालाय, पण उपचार करता येतील असं म्हणतात. 'येतील'वर डॉक्टरांनी फार जोर दिला नाही, पण तो त्यांचा स्वभाव असावा.
समितीने विषय फेटाळला. कारण: व्याप्ती फार, आधार एकच.

१० जानेवारी
ताई बाबांना घेऊन गेली. तिच्या शहरात मोठा दवाखाना आहे, तिला रजा मिळते, तिचं घर तळमजल्यावर. सगळं खरंच आहे. माझ्याशी ती कामापुरतं बोलली. बायकोच्या गळ्यात पडून मात्र रडली.
गाडीत बसताना बाबांनी काच खाली करायला लावली. म्हणाले, तुझं काही राहिलं असेल तर थोडं घेऊन ठेव ना आत्ताच. मी म्हटलं, पुरेसं झालंय. काच वर गेली.
संकल्प: दर शनिवारी भेटायला जाणे.

८ फेब्रुवारी
काल जायचं होतं. मी शिकवतो त्या कॉलेजात परीक्षेचं सुपरव्हिजन लागलं. त्याआधीच्या शनिवारी सर्दी होती. अशा पेशंटजवळ सर्दी घेऊन जाणं बेजबाबदारपणा झाला असता. त्याआधी नवीन विषयाचा आराखडा. फोनवर बाबाच म्हणाले, कामात खंड पाडू नकोस. बायको दोनदा जाऊन आली. ती जाते म्हणजे घरातलं कुणीतरी जातंच.
येत्या शनिवारी नक्की.

१ मार्च
गेलो नाही. तिथे जाऊन बसायचं आणि बोलायचं काय? इथे निदान रेकॉर्डर मध्ये असायचा. हे कारण लिहिण्यासारखं नाही. खरं कारण प्रबंधाची मुदत.
बायको म्हणाली, काही बोलू नकोस, नुसता बस. तिला सगळंच सोपं वाटतं.
पुढच्या शुक्रवारची रजा टाकली. तिकीटही काढलं. या वेळी नक्की.

५ मार्च, सकाळ
ताईचा फोन. एवढ्या हळू आवाजात ती कधी बोलत नाही. म्हणाली, आता धावपळ करू नकोस, सावकाश ये. तू येईपर्यंत आम्ही थांबतो.
मी म्हटलं, उद्याचं तिकीट आहे माझं. मी पुन्हा सांगितलं, उद्याचं आहे, काढलेलं आहे. मग बायकोने माझ्या हातातून फोन घेतला.
बाबा गेले.
ती चपला घालून दाराशी उभी आहे. निघतो.