तात्यांचा बिस्किटपुडा

बारामती, मंगळवार, ६ फेब्रुवारी १९९६

ह्यांना हार्ट अटॅक येऊन गेल्यापासून डॉक्टरांचं एकच, मन आनंदी ठेवा. आज ह्यांचे चुलते तात्या निरवांगीहून बिस्किटपुडा घेऊन आले आणि खाटेशी बसून म्हणाले, "आपला किसन बी असाच बोलत बसला हुता. चहा प्याला अन् गेला, कळलं बी न्हाय! तू मातर टेन्शन घिऊ नगं." ह्यांचा चेहरा पांढराफटक. मी पुडा तात्यांच्या हातात परत दिला. "असलं बोलायला पुन्हा येऊ नका." म्हातारा माणूस, दोन एसट्या बदलून आलेला. चुकलं का माझं? जाताना पुडा उंबऱ्यावर ठेवून गेले. संध्याकाळी ह्यांनी चहाबरोबर तीच बिस्किटं मागितली. दिली. तरी उद्यापासून दाराला आतून कडी. वाईटपणा मी घेईन.