माझ्या कात्रीला कुणी हात लावायचा नाही

तीर्थरूप ताई,

साष्टांग नमस्कार घालणार होते, पण आठांतलं एक अंग सध्या पट्टीत बांधून ठेवलंय, तेव्हा सातांवर भागवून घे. तुझी कंबर कशी आहे? जिना चढताना अजून कुरकुरते का? भावजींचा खोकला (आणि खोकल्यावरचं त्यांचं भाषण) एव्हाना थांबला असेल अशी आशा करते. अक्षर बघून घाबरू नकोस. पेन दोन बोटांच्या बेचक्यात अडकवून लिहिते आहे, उजव्या अंगठ्याला विचारत नाही. त्याचं माझं बोलणं बंद आहे.

त्या अंगठ्याचं मूळ दुखतंय हे मी बरेच दिवस घरात कळू दिलं नव्हतं. कळलं ते तेलाच्या बाटलीमुळे. झाकण दातांनी उघडत होते आणि नेमके चिरंजीव पाणी प्यायला आले. तेव्हापासून तो माझा मुलगा राहिला नाही, वकील झाला. दुकान बंद कर, आता पुरे, हे एकच कलम येता-जाता वाचतो. दुकान म्हणजे काय, तुला माहीतच आहे, घराची पुढची खोली. कापड बेतायचं टेबल, दोन मशिनी आणि एक आरसा, ज्यात सगळी गिऱ्हाइकं बारीक दिसतात (तो मी मुद्दाम तसा टेकवलाय). हे सगळं हलवून तिथे सोफा टाकायचा त्याचा बेत आहे. सोफ्यावर मी काय करायचं, तर आराम. मी म्हटलं, आराम मी मेल्यावर भरपूर करीन, त्याला सोफा लागत नाही.

सुनेचं तर विचारूच नकोस. मशीन बरी चालवते (हे मी तिच्या तोंडावर बोललेली नाही), पण तिचा डोळा माझ्या कात्रीवर आहे. मी जरा पाठ फिरवली की उचललीच. आणि कापते कशी, तर उंदीर परवडला. बँकेतल्या साहेबांच्या कोटाचं अस्तर तिने कापलं, त्याची कड बघून मला भोवळ यायची बाकी होती. ती डावखुरी आहे, अगदी तुझ्यासारखी, पण तुझी रेघ काय सरळ जायची, आणि हिची बघावी तर पाय घसरल्यासारखी. त्याच दिवशी मी जाहीर केलं की माझ्या कात्रीला कुणी हात लावायचा नाही. तेव्हापासून कात्री माझ्या उशाखाली असते. मान अवघडते, पण माघार नाही.

शेवटी दोघांनी मिळून मला हाडांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी अंगठा धरून असा फिरवला की आतून करकर आवाज आला. मग फोटो काढला आणि म्हणाल्या, हाडांमधली गादी झिजलीय, हाडावर हाड घासतंय. इंजेक्शनं दोन-तीन प्रकारची असतात म्हणे, कुठलं हवं असं विचारलं. एक सूज उतरवणारं, एक वंगणासारखं आणि एक आपलंच रक्त काढून, घुसळून परत आपल्यालाच टोचायचं (आपलंच आपल्याला देऊन वर उपकार). मी अर्थातच वंगणाचं मागितलं. मशीनला तेल मी आयुष्यभर घालत आले आहे. पण बाई म्हणाल्या, अंगठ्यात त्याचा फारसा भरवसा नाही, सूज उतरवणारंच घेऊन बघू. बाई खरं बोलतात हे कबूल, पण विचारलं कशाला मग?

आता गंमत ऐक. नर्सने हातात पेन दिलं आणि म्हणाली, दाबून बघा आणि सगळ्यात जास्त दुखतं तिथे खूण करा. मी केली. बाई आल्या, खुणेवर दाबलं. दुखतंय? नाही. जोरात दाबलं. तरी नाही. चिरंजीव माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी शाळा बुडवायला पोट दुखतंय म्हणाले होते. बाईंनी विचारलं, मग खूण इथे का केलीत? मी म्हटलं, "अहो, शिवण तिकडे आतल्या बाजूला आहे. ही माया सोडून केलीय." कापायची खूण कुणी बरोबर शिवणीवर करतं का? अर्धा इंच बाहेर नको? बाईंनी मला पुरतं न्याहाळलं, खूण पुसली आणि स्वतःच जागा शोधली. चिरंजीवांना काही कळलं नाही, तो दुकानात बसलाय कधी? सून मात्र तोंडाला पदर लावून इतकी हसली की तिला बाहेर पाठवावं लागलं.

सुईला मी घाबरत नाही, जन्म सुयांत गेलाय. पण ती सुई सांध्यात शिरली तेव्हा मी बाईंना तिच्याविषयी माझं मत सांगितलं. बाहेरच्या बाकावरच्यांनाही ते ऐकू गेलं असं म्हणतात. घरी आल्यावर ठणका वाढला, मग हळूहळू असा उतरला की अंगठा नवा झाला असंच मला वाटलं. मी पट्टी फेकली आणि एका घराचे सगळे पडदे एका दमात कापले. ताई, काय सुख होतं ते! दुसऱ्या दिवशी अंगठा भोपळ्यासारखा.

बाई चिडल्या. म्हणाल्या, इंजेक्शनने दुखणं झोपतं, हाड नवं होत नाही, आणि ते पुन्हा पुन्हा देताही येत नाही. शिवा हवं तर, पण जाड कापड कापणं आता सोडा. म्हणजे कोट गेले, पडदे गेले. पण ऐक, दुकान बंद होणार नाही. सोफा येणार नाही. आणि कात्रीबद्दल मी जे म्हणाले त्यातलं अक्षर बदलणार नाही.

तुझी हट्टी धाकटी

ता. क. भावजींच्या पँटचं माप पाठव. पोट आत ओढून घेतलेलं नको, खरं पाठव.

ता. क. दुसरा. तुझी ती डाव्या हाताची कात्री ट्रंकेत पडून असेल, ती पाठवून दे. काल सुनेला घरातल्या साध्या कात्रीने कापताना दाराआडून बघितलं. उजव्या हाताची कात्री डाव्या हातात धरली की वरचं पातं तिची रेघच झाकून टाकतं, आणि कापड पात्यांत दुमडतं. वेडी पोर इतके दिवस रेघ न दिसता कापत होती, आणि मी उंदीर म्हणत होते. न दिसता एवढं जमतं, तर दिसल्यावर काय करील? मी मागितली असं लिहू नकोस. तुझ्याकडे अडगळ होती, म्हणून तिच्या नावाने पाठवलीस असं लिही.

ता. क. तिसरा. धार लावून पाठव. आणि तिला ठणकावून लिही की ही कात्री तिची, हिला सासूनेसुद्धा हात लावायचा नाही.