नऊ नंबरचे एकवीस थांबे

दादा,

मुलांना घेऊन निघाले आहे. तुला उठवलं नाही, कारण तू दार अडवून उभा राहिला असतास. वहिनीला सांग, तिची बाजाराची चाकाची गाडी मी नेली आहे. धाकटीचे पाय दुखले की तिला तीत बसवेन.

बस बंद आहेत हे मला कळतं. बंद करणाऱ्यांत माझाच नवरा आहे, मला नाही कळणार तर कुणाला? तो तीन आठवडे डेपोच्या फाटकाशी बसलाय, आणि आम्ही त्याला भेटायला एवढ्या लांबून येऊन पाच दिवस तुझ्या सोफ्यावर.

वाट चुकायची काळजी करू नकोस. मुलांना झोपवताना तो रोज फोनवर आपल्या नऊ नंबर बसचे थांबे ओळीने म्हणतो. थोरल्याला एकवीसच्या एकवीस तोंडपाठ आहेत. तुमच्या कोपऱ्यावरची पाण्याची टाकी सातवा, डेपो शेवटचा. म्हणजे चौदाच उरले. प्रत्येक थांब्यावर बसू, पाणी पिऊ, पुढे जाऊ.

काल जेवताना तू मुलांच्या बाबाला फुकटखाऊ म्हणालास. समोर तुझ्या घरचं ताट होतं, म्हणून मी गप्प बसले. पण थोरल्याने ऐकलं. आज सकाळी त्याने दुधाच्या पेल्याला हात लावला नाही. “मामाकडचं नको,” म्हणाला.

तेव्हा संप आता तुझ्याही घरात सुरू झालाय, दादा. मिटवायचा असेल तर एकविसाव्या थांब्यावर ये. आणि चालत ये.