गोड्याचं खारं

४ सप्टेंबर, मंगळवार

आज बाशाच्या पाण्यात मीठ घातलं. दीड वाटी. खडे मीठ, स्वयंपाकघरातलं.

शवकत बघत होता. त्याचा पलंग टाकीच्या समोरच आहे. धडधाकट होता तेव्हा त्यानंच तिथे मांडून घेतला — उठल्या उठल्या बाशा दिसावा म्हणून. बरंच झालं. जुलैत झटका आला, उजवं अंग गेलं, वाचा गेली. डॉक्टर म्हणाले होते, "बोलता येत नाही, पण समजतं सगळं. त्यांच्यासमोर जपून बोला." जपूनच बोलते. वाटी दाखवली आणि म्हटलं, "या टाकीचा समुद्र करायचाय."

बाशा म्हणजे मासा. ऑस्कर जातीचा, वीतभराहून मोठा, काळा, अंगावर निखाऱ्यासारखे डाग. शवकतच्या बोटांतून कोळंबी खातो. गोड्या पाण्यातला जीव!

ही वही शाहिनाझनं आणून दिली — बाबांच्या गोळ्यांच्या वेळा लिहून ठेव म्हणाली. गोळ्या मला तोंडपाठ आहेत. लेकीला काय कळतंय.

५ सप्टेंबर

आणखी दीड वाटी. बाशा नेहमीसारखा खातो. शवकत खात नाही. चमचा दातांत धरून ठेवला. धर म्हटलं.

७ सप्टेंबर, शुक्रवार

का ते एकदा लिहूनच टाकते. मग परत लिहायचं नाही.

अकरा वर्षांपूर्वी माझे वडील गेले. शवकत म्हणाला, तीन दिवस राहा आणि परत ये. मी सात दिवस राहिले. परत आले तर दारात काही बोलला नाही. आत गेला, टाकीसमोर बसला आणि माशाला म्हणाला, "बाशा, तिला सांग, चहा टाक."

मला वाटलं, राग आहे, उतरेल. तो उतरलाच नाही. त्यानंतर अकरा वर्षं माझ्याशी एक शब्द नाही! जे काय सांगायचं ते माशाला. "बाशा, तिला सांग, मुलूखियाच्या भाजीत लसूण जळलाय." "बाशा, तिला विचार, माझा निळा शर्ट कुठाय." तो बाशा मेला तर दुसरा आणला, नाव तेच ठेवलं. सुएझच्या कालव्यावर पायलट बोटीवर होता ना — तिथले मित्र जेवायला यायचे, त्यांच्यासमोरही तसंच. ते हसून हसून लोळायचे. "काय माणूस आहे आमचा शवकत!" मीही हसायचे. काय करणार?

शाहिनाझच्या लग्नात घरी बायका ढोलकी घेऊन बसल्या, मी उठले नाचायला. आतून आवाज आला — "बाशा, तिला सांग, वय काय आपलं!" बसले.

चार वर्षांपूर्वी माझ्या छातीत गाठ निघाली. तपासणीचा कागद घेऊन घरी आले, साधी गाठ होती, जीव भांड्यात पडला होता. त्याच्या पुढ्यात उभी राहून म्हटलं, "शवकत, काही नाही निघालं." टाकीकडेच बघत होता. "बाशा, तिला सांग, समोरून हो. उजेड अडतोय."

झालं लिहून. आज दोन वाट्या घातल्या.

९ सप्टेंबर, रविवार

झैनहुमच्या दुकानात गेले. शवकत वीस वर्षं त्याच्याकडूनच सगळं घेतो. झैनहुमनं खुर्ची दिली, भाऊंची तब्येत विचारली. मी म्हटलं, टाकी खाऱ्या पाण्याची करायची आहे. मी कोळ्याची पोर, मला आपले समुद्राचेच मासे आवडतात. घरातलं मीठ चालेल का?

"लोणचं घालताय का, हाज्जा?" पोट धरून हसला. मग समुद्री मिठाची गोणी काढली, खारटपणा मोजायची काचेची नळी दिली, आणि शिकवायला लागला. आधी टाकी रिकामी करा. जुनी खडी फेका. व्हिनेगरनं घासा. पांढरी वाळू, सच्छिद्र दगड, मग खारं पाणी. मग एक कोळंबी टाका आणि सडू द्या. "सडल्याशिवाय पाणी जिवंत होत नाही. दीड महिना तरी धीर धरा. समुद्र काय एका दिवसात होतो?"

"आणि बाशा?"

"त्याला इकडे आणा. माझ्याकडे मोठी टाकी रिकामीच आहे. भाऊ बरे झाले की बघायला येतील. त्याला खाऱ्यात ठेवू नका हां! तो काय मॉली मासा आहे? मॉली म्हणजे आपल्या सुएझच्या बायका — गोडही पचवतात, खारंही."

"आणते," म्हटलं.

दारापर्यंत सोडायला आला. "भाऊंनी कधी तांब्याचं औषध घातलं होतं का पाण्यात?" घातलं होतं, दोन-तीनदा. "मग शंख, जिवंत कोळंबी काही टाकू नका. तांबं काचेच्या सांध्यात मुरतं. कैक वर्षांनी सुटतं."

१० सप्टेंबर

बाशाला नेलं नाही. झैनहुमचं मीठ चांगलं आहे, पटकन विरघळतं.

१३ सप्टेंबर, गुरुवार

बाशा तळाशी बसतो. डोळ्यांवर साय आल्यासारखं झालंय. कल्ले भराभर हलतात. कोळंबी टाकली, तोंडात घेतली, थुंकली.

शवकत तोंडानं "ब… ब…" करत होता. मग मान भिंतीकडे फिरवली. मी उशी घेतली, गालाशी लावली, मान पुन्हा समोर आणली. बरोबर बसली उशी. मग टाकीजवळ जाऊन म्हटलं, "बाशा, यांना सांग, आज मसुराचं सूप आहे."

डाव्या हातानं वाटी उडवली त्यानं. चादर बदलावी लागली. पण मजा आली! खोटं कशाला लिहू — इथे कोण वाचणार आहे?

१६ सप्टेंबर

शाहिनाझचा अलेक्झांड्रियाहून व्हिडिओ कॉल. "मम्मा, बाबा दाखव ना, बाशा पण दाखव." म्हटलं, टाकीचा दिवा गेलाय. "तू किती करतेस गं सगळं एकटी." रडायला लागली. शवकत फोनकडे बघून घशातून आवाज काढत होता. तिला वाटलं, लाडानं.

१९ सप्टेंबर, बुधवार

मेला. सकाळी आडवा होऊन तरंगत होता, दुपारपर्यंत एक कल्ला हलत होता. मी खुर्ची टाकून बसले. शवकत पलंगाचा दांडा डाव्या हातानं आपटत होता — ठक, ठक, ठक. खालची उम्म करम वर आली, "काय दुरुस्ती चाललीये का?" म्हटलं, हो, टाकीची.

चारला पूर्ण थांबला. जाळीनं काढला. जड होता, वाटला नव्हता इतका. वर्तमानपत्रावर ठेवला आणि पेपरासकट शवकतच्या जेवणाच्या ट्रेवर. दहा मिनिटं ठेवला. शवकतनं डावा हात त्याच्यावर ठेवला. बोटं अंगावरून फिरवत होता, उलट्या दिशेनं, खवले उचकटतील अशी. मग बरोबर दिशेनं.

मला वाटलं होतं, मोकळं वाटेल. भूक लागली फक्त. चार अंडी तळून खाल्ली, उभ्यानंच, तव्यातूनच.

२४ सप्टेंबर

टाकी उपसली. बादल्या मोजल्या नाहीत. खडी पोत्यात. व्हिनेगरनं घरभर डोळे चुरचुरताहेत, शवकतचे जास्त, त्याला पुसता येत नाहीत. नंतर पुसले.

२७ सप्टेंबर

पांढरी वाळू, दगड, खारं पाणी. भाताच्या पेजेसारखं गढूळ दिसतंय. कोळंबी टाकली सडायला.

८ ऑक्टोबर, सोमवार

रिकामी टाकी, सडकी कोळंबी, आणि हा. दिवसभर बघत बसतो. वास येतो थोडा.

आज दुपारी त्यानं अंथरूण ओलं केलं. आवाज काढला. मी बाल्कनीत कॉफी पीत होते. म्हटलं, कॉफी संपू दे. मग म्हटलं, हे जहाज जाऊ दे. मोठं होतं, कंटेनरवालं, मागे दुसरं, मग तिसरं. उन्हं उतरल्यावर आत गेले.

पहिल्यांदाच केलं असतं तर हात थरथरले असते. आज नाही थरथरले. म्हणजे पहिल्यांदा नव्हतं बहुतेक.

१५ ऑक्टोबर

पाणी काचेसारखं झालंय. इतकं स्वच्छ, की आत पाणी नाहीच असं वाटतं. वडील मला लहानपणी होडीतून न्यायचे, तळाला काच लावलेली पेटी पाण्यावर धरायचे आणि म्हणायचे, "बघ, एतिदाल, खाली शहर आहे." बऱ्याच दिवसांनी वडील आठवले आणि रडू आलं. शवकतच्या समोर नाही रडले. मोरीत जाऊन.

१० नोव्हेंबर, शनिवार

झैनहुम स्वतः आला, दोन जोकर मासे घेऊन. नारिंगी, पांढरे पट्टे. पिशवी पाण्यावर ठेवून बसला. तब्येत विचारायला पलंगाजवळ गेला, शवकतचं कपाळ चुंबलं. मग इकडेतिकडे बघितलं.

"हाज्जा, बाशा आणला नाहीत तुम्ही. मी टाकी धुऊन ठेवली होती."

"मेला."

"कधी?"

"सप्टेंबरात."

शवकतनं झैनहुमची बाही पकडली. तोंडातून लाळ आणि तो आवाज. झैनहुमनं त्याच्याकडे बघितलं, मग टाकीकडे, मग माझ्याकडे.

"मीठ रोज थोडं थोडं घातलंत?"

"हो."

"म्हणजे पटकन नाही मेला."

मी म्हटलं, चहा टाकते. म्हणाला, नको. पिशवी सोडली, मासे आत गेले, आणि जिना उतरताना त्यानं कठडा धरला होता. साठीचा माणूस, रोज शंभर मासे मरतात याच्याकडे! जा म्हटलं. न्याय करायला आला मोठा.

मासे सुंदर आहेत. दगडामागून डोकावतात.

१६ नोव्हेंबर, शुक्रवार

शाहिनाझ आली, न सांगता. टाकी बघून टाळ्याच वाजवल्या. "मम्मा! हे तू केलंस? बाबांसाठी?" फोटो काढले, स्वतःचा काढला, बाबांच्या गालाला गाल लावून काढला. त्याच्या डोळ्यांतून पाणी. "बघ, किती खूश आहेत!"

मग म्हणाली, बाबांचा शर्ट मीच बदलते आज. मी नको म्हणायच्या आत तिनं त्याला कुशीवर वळवलं.

माकडहाडावर जखम आहे. मला माहीत होती. बोट आत जाईल एवढी झाली आहे, हे नव्हतं माहीत. की होतं?

"मम्मा, हे किती दिवसांचं आहे?"

ओरडेल, शिव्या देईल, वाट बघत होते. तिनं येऊन मला मिठी मारली. "थकलीस ना तू? चूक माझी आहे. मी तुला एकटीला टाकलं." तिच्या खांद्यावरून मला शवकत दिसत होता. बघत होता. मला लेकीच्या मिठीतून सुटता येईना.

१८ नोव्हेंबर, रविवार

घेऊन गेली. अलेक्झांड्रियात चांगलं इस्पितळ आहे, बोलायला शिकवणारी बाई आहे, जावयाची तिथे ओळख आहे.

दोन माणसांनी खुर्चीवरून जिना उतरवला. दारात त्यानं माझा हात पकडला. मनगट. डाव्या हातात एवढी ताकद कुठून आली देव जाणे! शाहिनाझ म्हणाली, "बघा, सोडवत नाहीये त्यांना." गल्लीतल्या बायका डोळे पुसायला लागल्या. मला दुखत होतं. त्याची नखं रुतली होती. एक एक बोट मीच उचललं. करंगळी सगळ्यात घट्ट होती.

मनगटावर चार चंद्रकोरी.

२३ नोव्हेंबर

पलंगावर आडवी झोपते, कोपऱ्यातून कोपऱ्यात. रेडिओ मोठ्यानं. तळलेली कोळंबी, ताहिनी, भाकरी, वाटेल तेव्हा. काल स्वयंपाकघरात नाचले. वय काय आपलं! बावन्न.

२८ नोव्हेंबर

उम्म करम म्हणाली, "घर खायला उठत असेल ना गं?" म्हटलं, हो ना.

नाही उठत. छान आहे. खरंच छान आहे. मासे माझ्या हातून खायला लागलेत.

५ डिसेंबर, बुधवार

शाहिनाझचा फोन. आनंदानं हुंदके देत होती. बाबा बोलायला लागले! अडखळत, पण वाक्यं. दहा दिवस झाले, माझी गंमत करायची म्हणून सांगितलं नव्हतं. काठी धरून मोरीपर्यंत जातात.

मी विचारलं, काय काय बोलतात?

"काहीच नाही गं. मी विचारते, घरी कसं होतं बाबा, तर गप्प. एकच धोशा लावलाय — मला घरी ने. इथे नको. तिच्याकडे ने."

परवा येताहेत. दोघंच राहा म्हणाली, मी लगेच परत जाईन.