बसूच्या बनियनवरचा प्रश्न

३ मे, रविवार
सेमीफायनल जिंकलो. एक-शून्य. गोल बसूचा. पण लिहितेय ते आनंदानं न्हाय, रागानं.

गोल मारल्यावर हे गाढव सरळ पाहुण्यांच्या मांडवाकडं पळत गेलं आणि शर्ट गळ्यापर्यंत वर केला. आत पांढरं बनियन. त्यावर काळ्या मार्करनं एवढाल्या अक्षरात : पाणी कधी?

मांडवात कोण बसलंय तर साहेब. आमच्या भागाचं पाणी ज्यांच्या शब्दावर सुटतं ते. स्पर्धेचा चषकही त्यांच्याच वडिलांच्या नावाचा. मैदानात शिट्ट्याच शिट्ट्या. रेफ्रीनं पिवळं कार्ड काढलं. साहेब हसत होते, दातांपुरतं.

मार्कर माझा! कंपनीत टॉवेलच्या खोक्यांवर नंबर टाकायचा, पर्समध्ये असतो. माझ्याच पर्समधनं चोरून, माझ्याच भावानं.

घरी आल्यावर धरला त्याला. “तुला पोलिसांत भरती व्हायचंय की न्हाय?”
“व्हायचंय की.”
“मग हे काय थेर?”
“अक्का, तू रोज सकाळी नळापाशी जे ओरडतीस तेच लिहिलं. मी फक्त मैदानात ओरडलो.”
मी अजून जोरात ओरडले. अव्वा, आमची आई, आत रडत होती. जिंकलेल्या घरात सुतक.

४ मे
पहाटे, पाच दिवसांनी, पा. आलं. (पाणी हा शब्द लिहायचापण कंटाळा आलाय आता. पा. पुरे.) करंगळीएवढी धार. एक बॅरल, चार कळशा, संपलं.

कंपनीला जाताना चिंचोळीच्या बसमध्ये सगळ्यांच्या मोबाइलवर बसू. ड्रायव्हर म्हणतो, “या, पाणीवाल्याची बहीण आली. बसा, बसा.” पॅकिंगच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. सुपरवायझर मात्र जवळ येऊन हळूच म्हणाले, “महादेवी, भावाला जरा सांभाळायला सांग. साहेब लई लांबपर्यंत लक्षात ठेवतात.”
दिवसभर खोक्यांवर चुकीचे नंबर टाकले.

५ मे
शेख सर घरी आले. बसूला पायात चेंडू धरायला ह्यांनीच शिकवलं, शाळेत होता तेव्हापासून. खुर्चीत बसले, टोपी काढली, पुन्हा घातली.

“बेटी, बच्चा बनियन पे लिखको आया, मैं क्या बोलूं? बात तो सच्ची है.”
मग खरं ते सांगितलं. पुण्याला १७ तारखेला खेळाडू कोट्याच्या भरतीची चाचणी आहे. नाव जिल्ह्याच्या कमिटीनं पाठवायचं. कमिटीत सगळे साहेबांचेच. त्यांचं म्हणणं, पोरानं मैदानात राजकारण केलं. बसूनं हात जोडून माफीचा व्हिडिओ टाकावा, तर नाव जाईल. नाहीतर ह्या वर्षी विसरायचं. पुढच्या वर्षी बसूचं वय बसत न्हाय.

सर गेल्यावर तिघंही भिंतीकडं तोंड करून जेवलो.

६ मे
दुसऱ्या पार्टीचे लोक आले. शाल, नारळ, फोटोवाला. “आमचा वाघ कुठाय?” वाघ मोरीत पायाची बोटं धुत होता, तांब्याभर पाण्यात. त्यांना त्याच्या फोटोचा बोर्ड चौकात लावायचाय, वर त्यांच्या नेत्याचं मुंडकं.

बसू म्हणला, “तुमचं राज्य होतं तवा तरी कुटं रोज येत होतं पाणी?”
शाल घडी करून परत पिशवीत गेली. त्यातला एकजण निर्लज्जपणे म्हणतो, “मावशी, चहा तरी पाजा.”
अव्वा उंबऱ्यातनं म्हणाली, “चहा केला असता की. पाणी न्हाय.”
टोमणा न्हवता तो. खरंच न्हवतं. पण त्यांचे चेहरे! चार दिवसांत पहिल्यांदा हसू आलं.

७ मे
अप्पांचा, वडिलांचा, दुधनीहून फोन. तिथलं भुसाराचं दुकान सोडून येता येत न्हाय त्यांना. “गिऱ्हाईकच मला व्हिडिओ दाखवतंय गं. आधी हसलो. मग घाबरलो. माफी मागून टाक म्हणावं, दोन मिनिटांचं काम.”
बसूला फोन दिला. नुसता “हं, हं” करत होता. शेवटी म्हणला, “अप्पा, माफी मागतो. पण काय चूक लिवलं तेवढं सांगा.” मग अप्पांनी विचारलं, ज्वारी पाठवू का.

मला दोघांचंही पटतंय. हीच तर पंचाईत. नोकरी लागली तर अव्वाच्या गुडघ्याचं बघता येईल, भाड्याच्या ह्या दोन खोल्यांतनं सुटका होईल, आणि मला रात्री नीट झोप लागेल. आणि हा माफी मागताना हात जोडून उभा राहिला, तर मला बघवणार न्हाय ते. दोन्ही खरं.

८ मे
व्हिडिओ काढायला बसलो. मीच मोबाइल धरला. बसू भिंतीपाशी उभा. “मी बसवराज...” एवढं म्हणला आणि थांबला. परत. “मी बसवराज...” परत थांबला. माझाच हात खाली आला.
“ऱ्हाऊ दे,” मी म्हणले.
“अक्का, तू रडतीस का?”
“घाम आलाय. मे महिना आहे.”

मार्कर ज्वारीच्या पिठाच्या डब्यात खोल पुरून ठेवला. परवा फायनल आहे, आणि साहेब येणार आहेत बक्षीस द्यायला. अजून एक पिवळं कार्ड, अजून एक प्रश्न, की संपलंच.

९ मे
आज पा.चा वार. आलं न्हाय. उद्या येईल म्हणतात. उद्याचीपण खात्री न्हाय. बॅरल तळाला.

१० मे, रविवार
लिहिते, सगळं लिहिते. आधी पाठ टेकू दे.

(नंतर) फायनल. ऊन उतरल्यावर सुरू झाली. आम्ही बायका एका बाजूला, शेजारची नरसम्मा माझ्याजवळ. बसूचं बनियन मी निघताना दोन्ही बाजूंनी तपासलेलं. कोरं. मांडवात साहेब, टेबलावर पाण्याच्या बाटल्यांची रांग, फुलं. हाफ टाइमला शून्य-शून्य. बसू चांगला खेळत होता, पण मांडवाच्या बाजूला आला की सगळं मैदान मान उंच करून बघायचं. पोराच्या पायात चेंडू आणि लोकांचे डोळे त्याच्या शर्टावर.

संपायला थोडा वेळ राहिला आणि नरसम्माचा फोन वाजला. तिची सून तेलुगूत एवढ्या जोरात ओरडली की चार रांगांना ऐकू गेलं, “अत्तम्मा, नल्ला वच्चिंदी!” नळाला पाणी आलं! नरसम्मा उठली, चप्पल हातात घेतली आणि पळाली. मग दुसरा फोन. तिसरा. मग फोनची गरजच राहिली न्हाय. आमची बाजू बघता बघता रिकामी. मग गडी उठले. मोटारसायकली सुरू. कडेचा झेंडेवाला पंच आमच्याच गल्लीतला, त्यानं झेंडा शेजारच्याच्या हातात दिला आणि गेला!

मी बसून होते. ठरवलं होतं, आज हलायचं न्हाय.
आणि नेमकी पेनल्टी मिळाली आम्हाला. बसूनं चेंडू ठेवला. अन् माझा फोन. अव्वा. “महादेवी, नीर बंदाव! लई जोरात आलंय गं. माझ्यानं कळशी उचलंना.”

बसू माझ्याकडं बघत होता. रिकाम्या खुर्च्यांत मी एकटी, दिसणारच. मी हातानं डोक्यावर कळशी ठेवल्यासारखं करून दाखवलं. त्यानं मान हलवली. जा.

गेले. सख्ख्या भावाची पेनल्टी सोडून नळावर पळाले. दुसऱ्या गावच्या माणसाला हे सांगून पटायचं न्हाय.

पाणी मात्र काय होतं! मनगटाएवढी धार. इतक्या वर्षांत बघितली न्हाय. अव्वानं घाईत गाळायला हाताला येईल ते फडकं नळाला बांधलेलं. बघते तर बसूचं ते बनियन! मार्कर धुवून निघालाच न्हवता. पाणी कधी? असं विचारत होतं आणि त्याच्यातनंच पाणी पडत होतं. मी तिथं ओल्यात बसकण मारली आणि हसत सुटले. अव्वाला वाटलं, पोरगी फिरली.

बॅरल, कळशा, हंडे, पातेली, कुकरसुद्धा भरला. मैदानाकडनं मोठा ओरडा ऐकू आला, पण कसला ते कळेना. गोल? भांडण? पोलीस? कळशी भरतेय आणि कान मैदानाकडं.

११ मे
काय झालं ते तिघांकडनं ऐकलं. तिघांचं वेगळं.

बसूच्याच टीममधला नरसम्माचा मुलगा म्हणतो, बसूनं पेनल्टी मारली, गोल झाला, आणि हा मांडवाकडं धावत सुटला. साहेबांचा बॉडीगार्ड उभा राहिला. बसू टेबलापाशी गेला, साहेबांपुढची बाटली उचलली, फोडली, अर्धी घटाघटा प्याला आणि उरलेली साहेबांच्या हातात दिली. “तुमी पण घ्या.”

शेख सर म्हणतात, “तुमी पण घ्या” वगैरे काही न्हाय. नुसता प्याला, बाटली ठेवली, हात जोडले, परत आला. रेफ्रीचा हात खिशाकडं गेला होता. पण पाणी प्यायलं म्हणून कार्ड? “किस मुंह से दिखाता बेचारा,” सर म्हणाले. तो रेफ्रीपण आमच्याच भागात राहतो.

बसूला विचारलं. म्हणतो, “तहान लागली हुती, अक्का.”
“खरं सांग.”
“मे महिना आहे,” म्हणला. माझंच मला परत.

आणि पाणी कसं काय आलं अवेळी? तेही सरांनीच सांगितलं. साहेबांनीच सोडायला लावलं होतं. बक्षीस समारंभ झाला की माईकवर सांगायचं होतं, घरी जा, तुमचे नळ वाहतायत. पाणी सोडणाऱ्या माणसानं चावी आधीच फिरवली. मैदान रिकामं झालं आणि साहेब खुर्च्यांसमोर! राहिले ते दोन टीमचे खेळाडू आणि लोकल चॅनलचा कॅमेरा. मग काय करणार? बसूच्या हातात चषक दिला, त्याला जवळ ओढलं, खांद्यावर हात टाकला आणि माईकवर म्हणाले, “हा आपला पोरगा. ह्यानं मागितलं, आम्ही दिलं.”

सर टाळी देऊन म्हणाले, “अब माफी कौन किससे मंगेगा?”

बरोबर की! ज्याच्या मागण्यावरनं पाणी दिलं म्हणून सगळ्या जगाला सांगितलं, त्याच्याकडनं माफी कशी मागून घेणार? देवा सिद्धरामा. सर बघत असताना रडले मी. आता घाम म्हणायची सोयपण न्हवती.

१४ मे
नाव गेलं! सरांचा फोन दुपारी. कंपनीत खोक्यांमागं जाऊन दोनदा विचारलं, “नक्की ना सर?” “हौ बेटी, हौ.” संध्याकाळी पेढे. अप्पांना कळवलं. ते आता म्हणतायत, मी पहिल्यापासून म्हणत होतो, पोरगं बरोबर आहे.

रात्री दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

१५ मे
आज पा.चा वार. करंगळीएवढी धार. ती मनगटाएवढी फायनलपुरतीच होती म्हणायची.
अव्वा धारेकडं बघत उभी होती. नळाचं बनियन सोडलं, पिळलं, दोरीवर टाकलं.

१७ मे, रविवार
बसू पहाटेच्या गाडीनं पुण्याला गेला. बॅग मी तपासली. बूट, मोजे, नडगीला बांधायच्या पट्ट्या, कोरं बनियन. “अक्का, पोलिसांत तू भरती हो,” म्हणला. पाया पडला. मी पाठीत एक धपका घातला, जोरात, मग पाठीवरनं हात फिरवला.

दिवसभर कशात लक्ष न्हाय. संध्याकाळी अव्वा भाकरीला बसली. पिठात मार्कर आहे हे एकदम आठवलं, म्हणलं तिच्या हाताला लागेल. मीच हात घातला. तळापर्यंत घातला, कोपरापर्यंत पांढरा झाला. मार्कर न्हाय.

“अव्वा, ह्यातला मार्कर?”
“त्याला दिला की.”
“कुणी?”
“मी.” भाकरी थापत होती. थांबलीसुद्धा न्हाय.
“का पण?” मी किंचाळलेच.
“परवा परत करंगळीएवढीच आली न्हवं? मागं विचारलं तवा एक दिवस आलं. म्हणलं, पुण्यात विचार. ते लांबचं ऐकत्यात कदाचित.” मग भाकरी तव्यावर टाकून म्हणाली, “गोल झाला तरच शर्ट वर कर म्हणून सांगितलंय. उगं न्हाय.”

दोन आठवडे रडणारी बाई ही! मला राग यायला पाहिजे होता. आला न्हाय. हसू आलं. आता पोरानं गोल करावा म्हणून हात जोडू की करू नये म्हणून?

देवापुढं जाऊन उभी राहिले, पीठ लागलेल्या हातांनी. गोल कर, म्हणले. पुढचं पुढं.

फोन वाजतोय. बसूचं नाव दिसतंय. अव्वा तव्यापाशनं म्हणते, माझे हात भरलेत, तू घे.